सुरुवात शाहबानोपासून नाही
मुस्लिम बायकांनी तलाकविरुद्ध पहिल्यांदा तोंड उघडलं ते १९८५च्या शाहबानो निकालानंतर (तलाक दिलेल्या शाहबानोला पोटगी मंजूर करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल), हे तुमच्या लेखातलं विधान साफ चुकीचं आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम महिलांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला होता. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. सातच जणी, पण त्या काळात! सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द ठरवला तो थेट २०१७ साली.

मी चिपळूणकडची, रोजे धरणारी, नमाज पढणारी. दलवाईंची सगळी मतं मला पटत नाहीत. पण आम्ही गप्पच होतो असं कुणी सरसकट लिहिलं की संताप येतो. माझी आजी या विषयावर घरातल्या पुरुषांशी उघड भांडायची. लेखात त्या सातजणींचा उल्लेख जरूर घाला.