डिजिटल जिल्ह्यात नांदायचं कसं

नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यात तुमचं घर असेल तर आधी अभिनंदन घ्या. २०१६ च्या अखेरीस हा देशातला पहिला डिजिटल जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून तुम्ही डिजिटल आहात. तुम्हाला अजून कळलं नसेल तर दोष रेंजचा. निरोप केव्हाच निघालाय.

आता एवढ्या मोठ्या घरात नांदायचं म्हणजे रीतभात आली. पहिली गोष्ट, ‘आमच्या गावात इंटरनेटची केबल आली का?’ असं कोणाला विचारू नका. आलेली आहे. ग्रामपंचायतीच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या बाजूला भिंतीवर एक डबा आहे, त्याच्यात येऊन ती थांबली आहे. आमच्या गावचा डबा मी गेल्या दिवाळीत जवळून पाहिला. त्यावर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर दसऱ्याच्या पूजेचं हळदकुंकू. म्हणजे वर्षातून एकदा कोणाचा तरी हात लागतो. दिवा एकही लागलेला नव्हता. खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांच्याकडे तीन गावांचा चार्ज आहे, त्यामुळे किल्ली येते त्या दिवशी लाईन नसते आणि लाईन असते त्या दिवशी किल्ली दुसऱ्या गावात असते. डब्यापासून तुमच्या घरापर्यंतचं अंतर दोनशे पावलं. ते कोणी पार करायचं, यावर वाद घालू नका. तुम्हीच करायचं, चपला घालून.

केबल तुटली म्हणूनही ओरडू नका. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरनं जोडायची योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि दोन वर्षांत काम उरकायचं ठरलं. पुढे २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. काम रेंगाळलं की नाव बदलावं, हे आपण पोरांच्या बाबतीतही करतो, सतत आजारी पडणाऱ्या पोराचं नाव धोंड्या ठेवतो. तर या जुन्या टप्प्यात केबल तालुक्याहून निघायची आणि एसटीसारखी एका गावावरून पुढच्या गावाला जायची. पहिल्याच गावाजवळ नळयोजनेच्या पाइपासाठी जेसीबीनं दात मारला की पुढची सगळी गावं एकसाथ मौनात. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींची सुधारित योजना मंजूर झाली. तिच्यात केबल गोल फिरवायची आहे, म्हणजे एकीकडून तुटली तरी दुसरीकडून चालू राहील. मी हे कौतुकानं आमच्या काकाजींना सांगितलं. ते म्हणाले, “मंग पयलेच गोल काऊन नाही फिरवली बे?” काकाजींना धोरणातलं काही कळत नाही.

वेगाची तक्रार तर करूच नका. २०२३ च्या जानेवारीपर्यंत या देशात किमान ५१२ केबीपीएस वेग असला की सरकारी व्याख्येनं त्याला ब्रॉडबँड म्हणायचे. मग ती अट २ एमबीपीएस झाली. कागदावरचा वेग एका रात्रीत जवळपास चौपट. अजून काय पाहिजे?

आणि स्वस्ताईबद्दल कृतज्ञ राहा. डेटा खरंच स्वस्त आहे, इथे मी उपरोध करत नाही. रोजचा दीड जीबी मिळतो. पण आमच्या गावचा माणूस उधळा नाही, त्यातला सव्वा तो रोज रात्री बारा वाजता कंपनीला जसाच्या तसा परत करतो. रेंज मिळवायला बाजारगावापर्यंत गाडीत जे पेट्रोल जातं, ते मात्र कोणत्याच रिचार्जमध्ये मोजू नये. हिशेब बिघडतो.

मुलीचं लग्न जमवायचं असेल तर अमरावती रोडवर सातनवरीचं स्थळ बघा. २०२५ च्या ऑगस्टपासून ते ‘स्मार्ट आणि इंटेलिजंट’ गाव आहे. जावई कसाही असो, व्हिडिओ कॉल लागेल.

राहिला ओटीपी. हमीभावानं कापूस विकायचा तर २०२५ पासून ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करावी लागते. काकाजींच्या सिमला रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीवर, आणि फॉर्म भरणारा पोट्टा बसतो खाली सेवा केंद्रात, कारण त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं. यावर तोडगा सोपा आहे, वहीत लिहून ठेवा. नातवाला फोन घेऊन टाकीवर चढवायचं, एकाला पारावर उभं करायचं, एकाला केंद्राच्या दारात.

नातू वरून ओरडला, “चार! सात! नऊ!” पारावरच्यानं तेच पुढे ओरडलं. विहिरीवरच्या बायांनी आकडे घोकले, एका म्हाताऱ्यानं काही कारण नसताना ते बिडीच्या बंडलावर लिहून घेतले. सहाच्या सहा आकडे झाल्यावर नातवानं इमानदारीनं उरलेला मेसेजही वाचला, “हा ओटीपी कोणालाही सांगू नये!”

पारावरच्यानं तेही पुढे ओरडलं.

केंद्राच्या दारातून उत्तर आलं, “टाइम संपला म्हणते! दुसरा बोलाव!”