इलेक्ट्रॉन खोपोलीहून येत नाहीत

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: पंख्याच्या वायरमध्ये इलेक्ट्रॉन तासाला जेमतेम ६ सेंटिमीटर सरकतात असं विजेवरच्या माझ्या लेखात आहे. मग बटण दाबताच पंखा कसा फिरतो? खोपोलीच्या वीजकेंद्रातले इलेक्ट्रॉन दादरला पोचायला शंभरावर वर्षं लागतील. एवढ्या संथ कणांनी गीझरचा प्लग जळतो कसा? आणि घरात एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह, असताना हे डीसीचं, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहाचं, गणित कशाला?

शेवटचा मुद्दा पूर्ण मान्य. ७५ वॉटचा पंखा २३० व्होल्टवर साधारण ०.३३ अँपिअर घेतो. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमध्ये, घनमीटरमागे ८५ वर २७ शून्यं इतके मोकळे इलेक्ट्रॉन धरले, की वेग सेकंदाला ०.०१६ मिलिमीटर निघतो. पण तो प्रवाह एकाच दिशेने वाहत असेल तर. आपल्याकडे दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. इलेक्ट्रॉन जागच्या जागीच थरथरतो, तेही मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून कमी. पुढे सरकणं शून्य. लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

खोपोलीहून मात्र ते निघतच नाहीत. नाहीतर १९१५ साली केंद्र सुरू झालं तेव्हा निघालेले आत्ता कुठे पोचले असते! वाटेतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन गुंडाळ्या एकमेकींपासून वेगळ्या असतात. पलीकडे जाते ती ऊर्जा, चुंबकीय क्षेत्रातून. तुमच्या पंख्यात थरथरणारे इलेक्ट्रॉन तिथल्याच तांब्याचे आहेत.

तुमच्या डोळ्यांपुढे बहुधा पालिकेचा नळ असावा. पाण्याची वेळ झाली की आधी हवा फुसफुसते, मग धार लागते, कारण पाइप रिकामा झालेला असतो. वायर कधीच रिकामी नसते. बटण दाबल्यावर धावतं ते इलेक्ट्रॉनना ढकलणारं विद्युतक्षेत्र, सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर. १० मीटर वायर पार करायला सेकंदाचा दोन कोटीवा भाग पुरतो, आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन जवळपास एकदमच हलू लागतात.

आता प्लग. २००० वॉटचा गीझर ८.७ अँपिअर ओढतो. इलेक्ट्रॉन संथ खरे, पण संख्या अफाट, आणि तांब्याच्या अणूंवर आदळून ते ऊर्जा सोडत राहतात. सैल स्क्रूपाशी ०.१ ओहम रोध, म्हणजे प्रवाहाला अडथळा, आला, तरी तेवढ्याशा जागेत साडेसात वॉट उष्णता तयार होते. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत तांबं काळवंडलं की रोध आणखी वाढतो, मग आणखी उष्णता. प्लास्टिक तपकिरी दिसलं तर मेन स्विच बंद करून वायरमनकडून काळं टोक कापून घ्या, चकचकीत तांबं दिसेपर्यंत सोलून स्क्रू घट्ट आवळायला सांगा. करपलेलं सॉकेट मात्र बदलाच, १६ अँपिअरचं.