नुसती टक्केवारी बघून हुरळू नका

मेंदूच्या आजारांत एआय कसं वापरतात यावरचा लेख चांगलाय, पण त्यात 'एआय मेंदूतला अॅन्युरिझम डॉक्टरांपेक्षा अचूक पकडतं' एवढंच लिहून कसं चालेल? अॅन्युरिझम म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेला फुगा; न फुटलेला साधारण ३ टक्के मोठ्या माणसांत असतो, म्हणजे मशीनने डोळे झाकून सगळ्यांना 'नाही' म्हटलं तरी ते ९७ टक्के बरोबर! किती सुटले आणि किती वेळा उगाच घंटा वाजली ते विचारा. रक्तवाहिनीचं वळण किंवा फांदी फुटते तिथला साधा फुगवटा बघून सॉफ्टवेअर फसतं आणि ३ मिमीच्या आतले जास्त निसटतात.. फुटेल की नाही हे सांगणं तर त्याहून अवघड, कारण बऱ्याच अभ्यासांत फुटलेल्यांचे स्कॅन फुटल्यानंतरचेच असतात आणि फुटल्यावर आकार बदलू शकतो, मग मॉडेल शिकतं काय तर 'फुटलेला कसा दिसतो', 'फुटणारा' नाही!

स्ट्रोकचं मात्र वेगळंय. मेंदूतली मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला अंदाजे १९ लाख न्यूरॉन (मेंदूतल्या पेशी) मरतात, तिथे सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) झाल्या झाल्या सॉफ्टवेअरकडून स्पेशालिस्टच्या मोबाईलवर अलर्ट गेला तरी खूप झालं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) असं सॉफ्टवेअर २०१८ लाच पास केलं. त्याच वर्षी छापून आलेल्या डॉन (DAWN) नावाच्या ट्रायलमध्ये स्ट्रोकनंतर ६ ते २४ तास उलटलेल्या निवडक पेशंटना गुठळी काढून फायदा झाला, आणि मेंदूचा मेलेला भाग केवढा हे मोजायला सॉफ्टवेअरच वापरलं होतं. लेखात याचा उल्लेखच नाही, खरं तर सगळ्यात दमदार उदाहरण हेच होतं राव.