इंदुरात पाणी ९८ ला उकळतं

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. हवेचा दाब इथे थोडा कमी, म्हणून आपल्याकडे पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते, पण वह्यांमध्ये मला सगळीकडे १०० च सापडतं. थर्मामीटर ९८ दाखवत असतो, मुलगी ते नीट बघते आणि तरी पुस्तकातला आकडा लिहून टाकते. मार्क कापले जातील ही भीती. मला याचा फार त्रास होतो. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि छापलेलं खरं, हेच ती त्या तासाला शिकली ना?

त्या दोन अंशांत केवढं काही आहे! हवेचा दाब, कुकर, उंचावरच्या पचमढीला उघड्या पातेल्यात डाळ शिजायला जास्त वेळ का लागतो ते. आणि थर्मामीटरच चुकीचा असेल तर? ही शंका तर सोन्यासारखी. वितळत्या बर्फात बुडवा, शून्य दाखवतो का बघा, दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून पाहा. मुलं इथे स्वतः विचार करायला लागतात.

दहावीत ओहमच्या नियमाचंही तेच. व्होल्टेज वाढेल त्याच प्रमाणात करंट वाढतो, म्हणजे ग्राफ सरळ रेषेत येतो, असं पुस्तक सांगतं. पण टॉर्चचा बल्ब लावला की ग्राफ वाकतो, कारण बल्बमधली तार तापते आणि तिचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. ग्राफ वाकला की पोरं खोडरबर शोधतात.

आपल्याच प्रदेशात हे वेगळ्या पद्धतीने करून दाखवलेलं आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत सहावी ते आठवीची मुलं प्रयोग करून विज्ञान शिकायला लागली. परीक्षेत पुस्तक-वही जवळ ठेवायची मुभा होती, प्रयोगांचीही परीक्षा होती. पुढे एकलव्य संस्थेने हे काम अनेक जिल्ह्यांत नेलं. २००२ मध्ये सरकारने ते बंद केलं. तो निर्णय चूक होता असं मी आजही म्हणते.

कोर्स कसा संपणार, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच म्हणते, प्रयोग मोजकेच करा, पण आलेला आकडा लिहू द्या. आकडा वेगळा का आला याला मार्क द्या.

कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे, त्यामुळे ५ जुलैच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास इंदुरात सूर्य अगदी डोक्यावर येतो. ढग असतील बहुतेक. नसतील तर मुलांना मैदानात न्या, काठी उभी करा, सावली सगळ्यात लहान कधी होते ते त्यांनाच शोधू द्या. शिक्षक मंडळींपैकी कुणाला करायचं असेल तर कळवा, दोन-तीन शाळांची मापं एकत्र ताडून पाहू.