‘जाळी काढा, घरचा युरिया टाका’: डिझेल गाडीच्या मुळावर उठलेला सल्ला

गेले काही महिने लातूर, परभणी, बीड या भागांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे: बीएस-६ या प्रदूषणाच्या सरकारी निकषाची डिझेल इंजिने लाखभर किलोमीटरही टिकत नाहीत, सायलेन्सरच्या वाटेवरची ‘जाळी’, म्हणजे डीपीएफ, काढून टाकली की गाडी सुधारते, धूर स्वच्छ करण्यासाठी गाडीत वेगळे भरायचे डीईएफ म्हणजे निव्वळ युरियाचे पाणी असल्यामुळे ते घरीच करावे, टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, वाचवण्यासाठी रोज सकाळी गाडी पाच मिनिटे जागेवर चालू ठेवावी, आणि ऑईल काळे दिसले की लगेच बदलून कोणतेही डिझेलचे ऑईल भरावे. डिझेल गाड्यांच्या दुरुस्तीत माझी वीस वर्षे गेली आहेत आणि हा सल्ला ऐकून बिघडलेल्या गाड्या आता माझ्याकडे येऊ लागल्या आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

आधी टिकाऊपणाचे पाहू. १९९८ च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिकाचे १४०५ सीसीचे, टर्बो नसलेले डिझेल इंजिन सुमारे ५४ पीएस शक्ती आणि ८५ न्यूटन मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) देत असे. आज ह्युंदाई क्रेटाचे १४९३ सीसीचे इंजिन ११६ पीएस आणि २५० न्यूटन मीटर देते. जवळपास तेवढ्याच आकारातून जवळजवळ तिप्पट टॉर्क मिळतो, तो टर्बोमुळे आणि कॉमन रेल पद्धतीमुळे, जिच्यात डिझेल १६०० ते २००० बार इतक्या दाबाने, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या छिद्रांतून फवारले जाते. अशा इंजिनाला नाजूक म्हणणे चूक आहे, मात्र जुन्या इंजिनाप्रमाणे ते आपल्या चुका पोटात घालत नाही. रॉकेल मिसळलेले डिझेल जुना पंप निमूटपणे पचवायचा. आजच्या पंपाला वंगण डिझेलचेच मिळत असल्याने भेसळ किंवा पाणी त्याला थेट झिजवते. वेळेवर डिझेल फिल्टर बदललेल्या आणि त्यातले पाणी काढत राहिलेल्या, लांब पल्ल्याच्या भाड्याच्या गाड्या दोन-अडीच लाख किलोमीटरनंतरही इंजिनाचे हेड न उघडता, म्हणजे मोठ्या दुरुस्तीशिवाय, चालताना मी पाहतो.

आता जाळी. डीपीएफ ही चाळणीसारखी जाळी नसून सिरॅमिकचे पोळे असते, ज्याच्या भिंतींतून धूर गाळला जातो आणि काजळी आत अडकते. पुरेशी काजळी साठली की इंजिन जादा डिझेल सोडून तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि ती जाळून टाकते. यासाठी गाडी काही काळ सलग चालावी लागते, आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला नेमके तेच मिळत नाही.

परभणीचे एक गुरुजी त्यांची गाडी घेऊन आले होते. घर ते शाळा तीन किलोमीटर, एवढाच तिचा रोजचा प्रवास. मोठ्या समाधानाने ते म्हणाले, “ऑईल कमी होत नाही बघा, उलट वाढायलंय.” मी डिपस्टिक ओढली, तर ऑईल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होते, आणि वास घेतला तर तो डिझेलचा. काजळी जाळण्यासाठी सोडलेले डिझेल, दरवेळी मध्येच गाडी बंद झाल्यामुळे न जळता सिलिंडरच्या भिंतींवरून ऑईलमध्ये उतरले होते. असे पातळ झालेले ऑईल बेअरिंग आणि टर्बो दोन्ही खाते. संदेशाप्रमाणे जाळी काढली असती, तर गाडीतल्या संगणकाचा प्रोग्राम बदलून त्याला खोटी माहिती द्यावी लागली असती आणि वॉरंटीवर पाणी सोडावे लागले असते. शिवाय प्रदूषणाची मर्यादा मोडली म्हणून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची टांगती तलवार राहिली असती. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायला परवानगी होती, बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅम आहे. हा फरक मुख्यतः या पोळ्यामुळे साधतो, आणि काढलेल्या जाळीमागची काजळी आपल्याच गल्लीतली पोरे श्वासात घेतात. गुरुजींना मी ऑईल बदलून दिले आणि दर रविवारी जिंतूरकडे शेतावर जाताना मोटारसायकलीऐवजी ही गाडी न्यायला सांगितले. पुढच्या तपासणीत पातळी दोन खुणांच्या मध्ये होती.

युरियाचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण तो अर्धा खरा आहे. डीईएफमध्ये ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले शुद्ध केलेले पाणी असते हे खरेच. धुराच्या उष्णतेने त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी नायट्रोजन ऑक्साइडांचे साध्या नायट्रोजनमध्ये आणि वाफेत रूपांतर करतो. पण आपल्या कृषी केंद्रात २६६ रुपयांना मिळणारी ४५ किलोची गोणी निंबोळी तेलाचा लेप दिलेल्या युरियाची असते आणि तिच्यात बाययुरेट हे अशुद्ध द्रव्य दीड टक्क्यापर्यंत चालते. डीईएफमध्ये ते ०.३ टक्क्याच्या वर चालत नाही. पाण्याचे तर विचारूच नका. डीईएफमध्ये कॅल्शियम किलोमागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असा नियम आहे, आणि आपल्या बोअरच्या ज्या पाण्याने माठाला महिनाभरात पांढरा थर चढतो, त्यात ते कित्येक पटींनी जास्त असते. हे मिश्रण टाकलेल्या एका गाडीचा डीईएफ सोडणारा फवारा मी उघडला, तेव्हा त्याच्या तोंडावर खडीसाखरेसारखे कडक पांढरे खडे बसले होते. शिवाय अनुदानाचा शेतीचा युरिया दुसऱ्या कामाला वापरणे हा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाचा भंग ठरतो.

सकाळच्या पाच मिनिटांबद्दल फार लिहायला नको. अर्धा मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवावे. जागेवर गुरगुरणारे थंड डिझेल इंजिन काजळीच वाढवते. टर्बोला खरी गरज असते ती प्रवासाच्या शेवटी. समृद्धी महामार्गावरून वेगाने येऊन जालन्याजवळ उतरल्या-उतरल्या चावी फिरवली, तर मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारणाऱ्या, लालबुंद तापलेल्या टर्बोचा ऑईलपुरवठा तुटतो आणि दांड्याभोवतीचे ऑईल तिथेच करपते. मिनिटभर थांबायला काय जाते?

ऑईल काळे पडणे हे ते काम करत असल्याचे लक्षण आहे, कारण काजळी धरून ठेवणे हाच त्याचा धर्म; बदललेले ऑईल दोन-चारशे किलोमीटरमध्ये काळे दिसू लागले तरी घाबरू नये. घाबरावे ते ‘कोणतेही डिझेलचे ऑईल’ या शब्दांना. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधलेच ऑईल कारमध्ये ओतण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, आणि त्या ऑईलमधल्या खनिजांची राख डीपीएफमध्ये साठते. काजळी जळते, राख जळत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला दर्जा, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० (ऑईलच्या पातळपणाचा आकडा) आणि एसीईए सी३ (कमी राखेच्या ऑईलचा दर्जा), कॅनवर जसाच्या तसा छापलेला असल्याखेरीज झाकण उघडू नये.

संदेशात एक गोष्ट मात्र यायला हवी होती आणि ती आली नाही. ज्याचा सगळा प्रवास घर, आडत आणि बाजार एवढ्यातच संपतो आणि ज्याला आठवड्यातून एकदाही तीस-चाळीस किलोमीटर सलग जायचे नसते, त्याने डिझेल गाडी घेऊच नये. त्याच पैशांत पेट्रोल किंवा सीएनजी गाडी त्याला सुखाने वर्षानुवर्षे साथ देईल.