आयात ड्यूटी लावा, पण दादाच्या मागाचं काय?

मी लँकेशायरमध्ये राहतो, ब्लॅकबर्नजवळ, आणि माझं घर यंत्रमागांच्या इचलकरंजीचं. परवा फोनवर चुलतभाऊ चांगलाच तापला, म्हणे अमेरिकेनं 2025 मध्ये आपल्या मालावर 50 टक्के ड्यूटी लावली होती ना, मग आपणही बाहेरच्या कापडावर 50 लावूया, सहा महिन्यांत इचलकरंजी उभी राहते की नाही बघ. दादाचा राग कळतो मला. खर्चीवाला आहे तो, सूत व्यापाऱ्याचं, माग याचे, हातात येते ती मजुरी, त्यातच लाईटबिल आणि कामगार.

पण मी राहतो तिथं हे सगळं होऊन गेलंय. इंग्लंडनं 1700 साली आपलं छापील सुती कापड आणायलाच बंदी घातली, 1721 ला तर बहुतेक छापील सुती कापड अंगावर घालायलाही. त्या आडोशाला इथल्या गिरण्या वाढल्या, हे खरंच आहे. पुढे राज्य हातात होतं तेव्हा 1896 ला आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, का तर इथून जाणाऱ्या कापडावर तेवढीच जकात होती आणि लँकेशायरला बरोबरी हवी होती, ती जायला 1926 उजाडलं. एवढं करूनही गिरण्या गेल्याच. बर्नलीची वाफेवर चालणारी क्वीन स्ट्रीट मिल 1982 ला बंद पडली, आता म्युझियम आहे. तिथं दाखवायला माग चालू केले आणि धोट्याचा, म्हणजे शटलचा, तो खाडखाड आवाज आला तेव्हा मी आमच्या गल्लीतच उभा होतो, तोच पट्टा, तसाच धोटा, तशीच कांडी. दादाच्या शेडमधले साधे माग त्याच घडणीचे आहेत. पोटात कालवलं माझ्या.

आणि ड्यूटी लावायची कशावर? कापसावर 2021 पासून 11 टक्के होती, ऑगस्ट 2025 मध्ये ती काढली, मग ती सूट डिसेंबरपर्यंत वाढवली, सूतगिरण्यांना बरं झालं, विदर्भातला शेतकरी ऐन हंगामाच्या तोंडावर धास्तावला, आणि दादा म्हणतो मजुरी आहे तिथंच. त्याच वर्षीच्या बजेटमध्ये कापडावरही वाढवली, 20 टक्के किंवा किलोला 115 रुपये, जे जास्त असेल ते, पण ती काही निटेड, म्हणजे टी-शर्टसारख्या विणीच्या, कापडांवर, मागावरच्या कापडाला त्याचा काय उपयोग?

इथं दुकानात शर्टाचं लेबल उलटून बघायची सवयच लागलीय मला, बांगलादेश, तुर्की, परत बांगलादेश. बांगलादेशला इथं ड्यूटी शून्य, आपल्याला 2025 मध्ये 12 टक्क्यांपर्यंत होती, जुलै 2025 च्या भारत-ब्रिटन करारात आपलीही शून्य करायचं ठरलं. पण इथं खपणाऱ्या कापडाला पन्हा, म्हणजे रुंदी, मोठा लागतो, गाठ नि डाग चालत नाही, साध्या मागावर ते निघणं अवघड.

म्हणून लावा ड्यूटी, पण पाच वर्षांची मुदत घालून, आणि तो पैसा दादासारख्या आठ मागांच्या माणसाला शटललेस, म्हणजे बिनधोट्याचे नवे, माग घ्यायला द्या. दादा म्हणाला, बँक आधी जागेचा उतारा मागते रे, शेड तर भाड्याची आहे. मग मागच तारण धरा ना त्याचा, यात अवघड काय आहे?