डावीकडून बोलू नका

सर्दी गेली, पण जाता जाता डावा कान घेऊन गेली. म्हणजे कान जागेवर आहे, दुखत नाही, खाजत नाही, वाहत नाही, फक्त बंद आहे, आणि पूर्ण बंदही नाही हीच तर गंमत. विमान खाली उतरायला लागलं की कानात दडे बसतात ना, तसंच, पण एकाच बाजूला, आणि हे विमान काही केल्या उतरतच नाहीये. गिळलं की आत टक् होतं, मग बारीक चरचर, एखाद सेकंद कान मोकळा झाल्यासारखा वाटतो आणि परत शटर खाली.

याचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे ते कुणाला सांगता येत नाही. पाय मुरगळला तर सूज दाखवता येते, इथे काय दाखवणार? "दुखतंय का?" नाही. "मग काय होतंय?" भरल्यासारखं वाटतंय. "कशाने?" इथे समोरच्याचा इंटरेस्ट संपतो आणि त्याला स्वतःचं जुनं पोटाचं ऑपरेशन आठवतं.

त्यात स्वतःचा आवाज डोक्यावर माठ पालथा घालून बोलल्यासारखा घुमतो. आपला आवाज आपल्याला एवढा मोठा ऐकू येतो म्हटल्यावर माणूस आपोआप हळू बोलायला लागतो, डॉक्टरांनी नंतर सांगितलं की अशा बंद कानाच्या लोकांचं असंच होतं. म्हणजे मला दुसऱ्याचं ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला माझं. घरात मी "काय?" म्हणतो, बायको "काय?" म्हणते, आणि मुद्दा काय होता हे दोघंही विसरतो. काही कुरकुरीत खाल्लं तर मात्र अख्ख्या जगात तेवढा एकच आवाज.

दिशा हा प्रकार तर संपलाच. आवाज एका बाजूने आला की त्या बाजूच्या कानात तो किंचित आधी पोचतो, जास्तीत जास्त 0.6 ते 0.7 मिलिसेकंदाचा फरक, आणि थोडा मोठाही ऐकू येतो, एवढ्यावर मेंदू ठरवतो की मान कुठे वळवायची. माझ्या मेंदूकडे एकच खिडकी उघडी, त्यामुळे त्याच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट उजवीकडे होते. फोन वाजला की मी उजवीकडचे कपाट, उजवीकडचा सोफा, उजवीकडची खोली सगळं शोधून येतो आणि फोन डाव्या खिशात. शेवटी घरात नियम झाला की माझ्याशी बोलायचं तर उजवीकडे यायचं. जेवायला बायको उजवीकडे बसायला लागली. रात्री मात्र उजवा कान उशीत दाबला की अशी शांतता, की काय सांगू. मी मुद्दाम त्या कुशीवर झोपतो असा घरात आरोप आहे, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही.

सल्ल्यांना तर तोटाच नाही. अर्ध्या लोकांनी इअरबड घाल म्हणून सांगितलं, मळ असेल म्हणे. कानाची कातडी आतून बाहेरच्या दिशेने सरकत असते आणि मळही बरोबर घेऊन येते, बडने तो उलटा आत ठोकला जातो, पण हे ऐकायला कुणी थांबत नाही. दुसरा सल्ला जांभईचा. हा खरा आहे, जांभईने आतली नळी उघडते, पण साहेब मीटिंगमध्ये आकडे समजावून सांगत असताना तो अमलात आणू नये. तिसरा, नाक दाबून तोंड मिटून हळूच फुंकर मारायची. याला वाल्साल्व्हाचं नाव आहे, इटालियन डॉक्टर, त्याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रकार कानातला पू बाहेर काढायला सांगितला होता. माझ्या कानातून पूही आला नाही आणि हवाही गेली नाही, फक्त डोळे बाहेर यायचे राहिले.

मग ईएनटी. त्यांनी कानात बघितलं, मळ नाही म्हणाले, आणि शाळेत फिजिक्सच्या लॅबमध्ये असायचा तो ट्यूनिंग फोर्क काढला, 512 हर्ट्झचा. तो वाजवून सरळ माझ्या कपाळाच्या मध्यभागी टेकवला आणि विचारलं, "आवाज कुठे जास्त येतोय?" आता आला ना वांधा. कारण आवाज येत होता डाव्या कानात! बंद कानात! चांगला मोठा, खणखणीत. मी गप्प. हे सांगितलं तर डॉक्टर म्हणणार ऐकू येतंय की, नाटक कशाला करताय, घरी जा. "उजवीकडे म्हणू का?" असंही मनात येऊन गेलं. शेवटी चाचरत म्हटलं, "डावीकडे, म्हणजे, सॉरी." तर डॉक्टर एकदम खूश. "उत्तम!" म्हणाले.

भानगड अशी आहे की बाहेरून हवेतून येणारा आवाज अडला असेल तर हाडातून जाणारा आवाज त्याच कानात जास्त घुमतो, म्हणजे बिघाड पुढच्या भागात, दुरुस्त होण्यासारखा. तोच जर चांगल्या कानात गेला असता तर नसेचा संशय, आणि एका कानाची नस अचानक गेली तर ती इमर्जन्सी, स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांतच सुरू करायला हवं, सर्दी आहे जाईल म्हणून बसून राहायचं नाही. मी कौतुक करून घ्यायच्या नादात उजवीकडे म्हणालो असतो तर काय गोंधळ झाला असता!

पुढे ऑडिओमेट्री. बंद खोली, हेडफोन, हातात बटण, बीप ऐकली की दाबायचं. एवढ्या शांततेत स्वतःची नाडी वाजायला लागते आणि मी पडलो परीक्षेला घाबरणारा माणूस, दोन बीपच्या मधल्या शांततेलाही दाबून टाकलं. "फक्त ऐकू आल्यावर दाबा," काचेपलीकडून आवाज आला. निकालावर उजव्या कानाचे लाल गोळे आणि डाव्याच्या निळ्या फुल्या, फुल्या सगळ्या खाली. गोळ्यांच्या रांगेतही शेवटी एक खड्डा होता, त्यावर डॉक्टरांनी पेन टेकवलं आणि "हे नंतर बघू" म्हणाले. मग पडदा हलतो का ते बघायचं मशीन, त्यात चांगल्या कानाचा डोंगर येतो, माझी सपाट रेघ.

निदान, पडद्यामागे पाणी. नाकाच्या मागून मधल्या कानात साडेतीन एक सेंटीमीटरची नळी जाते, युस्टेशियन ट्यूब, ती सर्दीने सुजली, आतली हवा शोषली गेली, नवीन येईना, पडदा आत ओढला गेला आणि पाणी झिरपलं. मोठ्या माणसाला एकाच कानात असं पाणी झालं तर नळीच्या तोंडाशी दुसरं काही नाही ना तेही बघतात, म्हणून कानासाठी गेलेल्या माणसाच्या नाकात दुर्बीण. तिथे सगळं ठीक. उपाय काय, तर वाट बघा, काही आठवडे लागतील. एवढ्या मशिनी फिरून आल्यावर "वाट बघा" ऐकायला फार जड जातं हो.

मग एकदा असंच पाणी पिताना टक् झालं आणि शटर परत पडलंच नाही. फ्रिज एवढा आवाज करतो हे मी विसरूनच गेलो होतो. पुन्हा टेस्ट केली तर फुल्या सगळ्या वर, मस्त. डॉक्टर म्हणाले, "डावा एकदम नॉर्मल. आता त्या उजव्याचं बोलू, 4000 हर्ट्झला जरा कमी आहे, गोंगाटाने होतं असं, हेडफोन जपून वापरा." म्हणजे ज्याच्या भरवशावर सगळा संसार चालला होता तोच दोघांतला कच्चा निघाला.

बायकोने रिपोर्ट नीट वाचला, काही बोलली नाही, आणि रात्री जेवताना ताट उचलून माझ्या डावीकडे येऊन बसली.